मदत हवी आहे: अराऊज (arouse), राऊज (rouse) की इन्साइट (incite)?

एका भाषणावर इंग्रजीत रिपोर्ट लिहितेय आणि एका क्रियापदावर गाडी अडलीये. म्हणायचंय एवढंच की भाषण ऐकून लोक पेटून उठले, पण चांगल्या अर्थाने, म्हणजे दंगा वगैरे काही नाही, अन्यायाबद्दल चीड आली आणि लोक कामाला लागले.

आधी 'अराऊज' घातलं होतं. डिक्शनरीत बघितलं तर अराऊजपुढे बहुतेक भावनाच येते, सस्पिशन, क्युरिऑसिटी, अँगर असं काहीतरी, आणि पुढे थेट माणूस आला की भलताच अर्थ निघू शकतो, रिपोर्टमध्ये ते नकोच 😅 मग 'इन्साइट' बघितलं, पण ते व्हायलन्स, हेट्रेड असल्या शब्दांबरोबरच जास्त दिसतं, वाचणाऱ्याला वाटेल वक्त्यावर केस झालीये. 'प्रोव्होक' म्हणजे मुद्दाम डिवचल्यासारखं वाटतं, आणि 'इव्होक' फारच मऊ, आठवणी जाग्या झाल्या टाइप.

आता 'द स्पीच राऊज्ड द क्राउड' इथवर आलेय. ट्रान्सलेशन ॲप वापरून झालं, ते सगळ्याला एकच 'भडकवणे' देतं, काही उपयोग नाही. 'स्टर अप' सुचवू नका प्लीज, त्यातही कुरापत काढल्याचा वास येतो, शिवाय फॉर्मल रिपोर्टमध्ये मला एकच शब्द हवाय. 'इन्स्पायर'मध्ये चीड येत नाही म्हणून तेही नको.

तर नुसतं 'राऊज्ड द क्राउड' एवढ्याने चीड कळते का, की पुढे 'टू अँगर' जोडावंच लागेल, आणि ते जोडलं तर परत निगेटिव्ह वाटेल का?