मालिकेच्या पहिल्या पुस्तकात रहस्य पूर्ण सुटावं की नाही?

कृष्णाकाठ (सांगली):
हेरकथांच्या मालिकेतलं पहिलं पुस्तक संपताना खुनाचा उलगडा पूर्ण झालाच पाहिजे. शेवटच्या पानावर ‘खरा सूत्रधार वेगळाच’ म्हणत दुसऱ्या भागाकडे बोट दाखवलं की वाचक चिडतो, आणि ते रास्तच आहे; तीनशे पानं त्याने एकेक धागा लक्षात ठेवलेला असतो. पुढच्या पुस्तकाकडे तो जातो तपास करणाऱ्या माणसासाठी. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी घ्या, १८८७ची. उत्तरार्धात गोष्ट थेट अमेरिकेत जाते आणि कित्येक प्रकरणं होम्स दिसतच नाही. बांधणीचा मोठाच दोष. तरी पुस्तक तरतं, कारण तोवर त्याची विचार करायची पद्धत आपल्या डोक्यात बसलेली असते.

विश्रामबाग:
उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातंय. त्या कादंबरीचे सगळे हक्क २५ पौंडांना विकले गेले. होम्स घराघरांत पोचला तो १८९१पासून मासिकात आलेल्या लघुकथांमुळे. पुढचा विचार नसला की काय होतं तेही बघा: होम्सचा साथीदार वॉटसन, त्याला लागलेली गोळी पहिल्या कादंबरीत खांद्यात, दुसरीत पायात. अगाथा ख्रिस्तीचा गुप्तहेर पॉयरो १९२०च्या पहिल्याच पुस्तकात पोलीस खात्यातून निवृत्त झालेला, आणि मग पुढची पन्नासेक वर्षं तपास करतोच आहे! वय, जुनी जखम, घरची माणसं हे आधी ठरवा, आणि एक गोष्ट मुद्दाम अर्धवट ठेवा. त्याशिवाय ओढ राहत नाही.

माहुली (सातारा):
तुम्ही दोघंही गावाला विसरलात. नायक पोलीस निरीक्षक केला तर त्याची बदली होणार, म्हणजे दुसऱ्या पुस्तकात गाव सुटणार. खाजगी गुप्तहेराला तर पंचनाम्याच्या जवळही कुणी उभं करत नाही. पोलीस पाटील घ्या. तो गावचाच रहिवासी. १९६७च्या ग्रामपोलीस कायद्याप्रमाणे संशयास्पद मृत्यूची खबर ठाण्याला देणं हे त्याचं कामच आहे. तपास त्याच्या हातात नाही, पण कुणाच्या बांधाचं भांडण कुठवर गेलंय ते त्यालाच ठाऊक.

आणि रहस्य मातीतलं हवं. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं आहेत ना? जमिनीखालचं ते कोठार बरेच दिवस बंद राहिलं की आतला प्राणवायू कमी होतो, कार्बन डायऑक्साइड साठतो. हवेपेक्षा तो दीडपट जड, त्यामुळे तोंड उघडलं तरी तळाशी बसून राहतो. उतरण्याआधी कंदील खाली सोडतात तो यासाठीच: प्राणवायू साधारण १६ टक्क्यांवर आला की वात विझते.

विश्रामबाग:
कल्पना छान, पण यात खून कुठे आहे? अशा मृत्यूत शवविच्छेदनात ठळक खूण सापडत नाही. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होणार आणि कागद बंद.

माहुली:
तिथेच तर गोष्ट सुरू होते! पंचनाम्यात दोन ओळी येऊ द्या: प्रेताशेजारी बॅटरी पेटलेलीच होती, पेवाच्या तोंडाशी कंदील, त्यात रॉकेलचा थेंब नाही. बॅटरीला प्राणवायू लागत नाही, ती विझून इशारा देत नाही. कंदील कुणी रिकामा केला, एवढाच प्रश्न. ही नोंद पहिल्या चाळीस पानांत, इतर दहा वस्तूंच्या यादीत यायला हवी. कंदिलाचं काम वाचकाला त्याआधी एखाद्या म्हाताऱ्या हमालाच्या तोंडून सहज कळलेलं असावं. दोन्ही एकाच पानावर आलं की चाणाक्ष वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

कृष्णाकाठ:
पोलीस पाटील मान्य, कंदील तर फारच आवडला. पण रिकामा कंदील म्हणजे खुनाचा पुरावा नव्हे. तेल आपोआप संपलं असं कुणीही म्हणेल. आदल्या संध्याकाळी तो भरताना पाहणारा एक साक्षीदार लागेल, आणि त्याला खोटं बोलायला स्वतःचं वेगळं कारण. हे सगळं पहिल्याच पुस्तकात मिटवा.

विश्रामबाग:
साक्षीदाराचं खोटं उघडं पडू दे, कारण मात्र दुसऱ्या पुस्तकात. यावर मी अडून आहे.

कृष्णाकाठ:
मग तो साक्षीदार कोर्टात टिकेल कसा? उलटतपासणीत वकील पहिला प्रश्न तोच विचारणार.