एअर ड्राय क्लेचा बेंदराचा बैल केला पण तडकला, कुठं चुकतंय?

अजिंक्यताऱ्याखाली:
नमस्कार, साताऱ्यातनं लिहितेय. लहानपणी बेंदराला आजी ओढ्याची काळी माती आणून बैलजोडी करायची, डोळ्याला ज्वारीचे दाणे लावायची आणि पाटावर मांडून पुरणपोळीचा नैवेद्य. आता फ्लॅटमध्ये राहतो, बैल विकत आणतो. यंदा मुलगी म्हणाली आपणच करूया, म्हणून अर्धा किलोचं पांढऱ्या एअर ड्राय क्लेचं पाकीट मागवलं. क्लास वगैरे कधी केलेला नाही. पोट भरीव केलं, मुठीएवढं, पाय आणि शिंगं वेगळी करून पाण्याचं बोट फिरवून चिकटवली आणि पावसाळी हवा म्हणून लवकर वाळावा असं वाटलं तर रात्रभर फॅनखाली ठेवला. सकाळी बघितलं तर मानेवर आडवी चीर, मागचा एक पाय आणि एक शिंग गळून पडलेलं. ते शिंग मुलीनं कंपासपेटीत जपून ठेवलंय. हा बैल वाचेल का? आणि मला हे नीट शिकायचंय, हौस लागलीय खरंच, तर सुरुवात कुठनं करू, सामान काय घेऊ?

कृष्णाकाठ:
ताई, माती चांगली आहे, वाळवायची घाई झालीय. या मातीतलं पाणी उडतं तशी ती आकसते. फॅननं वरचं कातडं आधी वाळलं, आकसायला लागलं आणि आतला गोळा ओलाच, मग वरची माती ताणून फाटते. मान म्हणजे जाड पोट आणि बारीक डोकं यांचा सांधा, तिथंच चीर पडणार. पुढच्या वेळी पोट भरीव करूच नका. स्वयंपाकघरातली फॉइल घट्ट चुरगाळून बैलाचं अंग करा, त्यावर फेविकॉलचा पातळ हात आणि मग सगळीकडं सारखी पाव इंच माती. पायात तार घाला. सांधा करताना नुसतं पाणी पुरत नाही, दोन्ही बाजूंना टूथपिकनं आडव्याउभ्या रेघा ओढायच्या, मातीच पाण्यात कालवून श्रीखंडाएवढी दाट करायची, ती मध्ये लावून दाबायचं आणि बाहेरनं बोटानं सांधा मिटवून टाकायचा. पहिला दिवस वरून प्लॅस्टिकची पिशवी सैल झाकून ठेवा, मग काढा, आणि दिवसातनं दोनतीनदा कूस बदला. मी आमच्या सांगलीच्या आयर्विन पुलाच्या कमानी एका सपाट पाटीवर केल्या होत्या, पाटी उलटलीच नाही, चार दिवसांनी कडा पापडासारख्या वर आल्या. १९२९ पासून उभा असलेला पूल, आणि माझा टेबलावर टेकेना, लई वाईट वाटलं होतं.

सामानाचं म्हणाल तर महागडा सेट नको. टूथपिक, जुना टूथब्रश, बोथट सुरी, लाटणं, खाली अंथरायला दुधाची कापलेली पिशवी, वाटीभर पाणी. उरलेली माती ओल्या फडक्यात गुंडाळून झिपच्या पिशवीत, नाहीतर आठवड्यात दगड होते.

तुमचा बैल वाचतोय. चीर ओली करा, मातीच्या त्या दाट काल्यात थोडं फेविकॉल घालून भरा, वाळली की पुन्हा थोडी बसेल, परत भरा. मग २२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं, नाकाला रुमाल बांधून.

घरचीकला:
मी तर अशी माती घरीच करते, एक वाटी फेविकॉल, एक वाटी कॉर्नफ्लॉवर, चमचाभर तेल आणि थोडं व्हिनेगर, मंद गॅसवर हलवत राहायचं, भांडं सोडून गोळा झाला की उतरवून मळायचा. फुलं पाकळ्या एवढ्या पातळ होतात की बघत बसावं. भांडं मात्र त्याच कामाला वेगळं ठेवा.

मिरजवाला:
फुलांना ठीक आहे ताई, पण बैलाला नको. ती जाड केली तर खूप आकसते आणि आपल्या पावसात बुरशी धरते, माझी एक अख्खी परडी काळी पडली. आमच्या घरात गणपतीचं काम चालतं, म्हणून माझं मत विचाराल तर हात बसवायला शाडू घ्या. स्वस्त पडते, बिघडलं की मोडून भिजत घालायची, तीच माती परत. वाळली तरी पाण्यात विरघळते, त्याच गुणामुळं विसर्जनाला चालते. एअर ड्राय पण पाण्यानं मऊ पडते बरं का, तिचे पेले वाट्या करून खायला प्यायला वापरू नका.

शिंग मात्र फेविक्रिलच्या मोल्डइटनं बसवा. दोन भाग सारखे घ्यायचे, एकच रंग दिसेपर्यंत मळायचे, हातात ग्लोव्हज. ते पाणी उडून वाळत नाही, रसायनानं घट्ट होतं, म्हणून आकसून सांधा सोडत नाही.

अजिंक्यताऱ्याखाली:
सगळ्यांचे मनापासून आभार. मानेची चीर दोनदा भरली, आता बोट फिरवलं तरी कळत नाही. पाय बसला. कंपासपेटीतलं शिंगही लेकीनं स्वतः धरून बसवलं, मोल्डइट घट्ट होईपर्यंत ताटाशेजारी बैल घेऊन जेवली. फॉइलचा दुसरा बैल पिशवीखाली आहे, जोडी झाली. एकच विचारायचंय, आजी शिंगांना हिंगूळ लावायची, तो रंग अ‍ॅक्रिलिकमध्ये कुठला म्हणून मागू?

मिरजवाला:
व्हर्मिलियन मागा, हिंगूळ म्हणजे तोच. पण घाई नको, बैल गालाला लावून बघा. गार लागला तर आत अजून ओल आहे, आणखी दोन दिवस थांबा. रंग वाळल्यावर वरनं वार्निशचे दोन पातळ हात, पोटाखाली आणि खुरांनाही, तिथनंच दमट हवा आत शिरते.