सुपरहिरोपट आणि ॲनिमे : एकीकडे पात्राचा मृत्यू पुसला जातो, दुसरीकडे तो उरतो, असे का?

सुमेधा_पार्ले

नमस्कार. विलेपार्ल्यात आमचा एक छोटा चित्रपट-अभ्यासगट आहे. पुढच्या बैठकीसाठी आम्ही सुपरहिरोपट आणि जपानी ॲनिमे यांच्या कथनपद्धतीची तुलना हा विषय घेतला आहे. टिपणे काढताना एका प्रश्नापाशी मी अडले आहे, म्हणून तो येथे मांडते. (पुढे काही कथानके उघड होत आहेत, याची नोंद घ्यावी.)

'ॲव्हेंजर्स : एंडगेम' (2019) मध्ये टोनी स्टार्क म्हणजे आयर्न मॅन मरतो, तेव्हा त्या प्रसंगामागे अकरा वर्षांची आणि बावीस चित्रपटांची बेरीज उभी असते. मी तो चित्रपट मुंबईत भरलेल्या चित्रपटगृहात पाहिला आणि त्या वेळी माझ्या आसपासचे लोक मोकळेपणाने रडत होते. तरीही आज तो प्रसंग आठवला की त्याची धार गेल्यासारखी वाटते. याउलट 'फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहुड' (2009-10) या 64 भागांच्या मालिकेत माइस ह्यूज नावाचा अधिकारी सुरुवातीच्याच टप्प्यात टेलिफोन बूथमध्ये मारला जातो. तो नायकही नाही. त्याच्या अंत्यविधीत त्याची लहान मुलगी विचारते की बाबांना मातीत का पुरत आहेत, त्यांना तर अजून पुष्कळ काम करायचे आहे. आणि त्याचा मित्र मस्टँग, आभाळ निरभ्र असताना, पाऊस पडतो आहे असे म्हणत डोळ्यांतले पाणी लपवतो. हे पाहून मला बरीच वर्षे झाली, पण तो प्रसंग जराही फिका पडलेला नाही.

हा केवळ माझ्या आवडीनिवडीचा भाग आहे, की दोन्हीकडे कथा रचण्याच्या पद्धतीतच काही मूलभूत फरक आहे? ज्यांनी दोन्ही प्रकार मनापासून पाहिले आहेत त्यांचे विचार वाचायला आवडतील.

गिरगावकर

सुमेधाताई, माझ्या मते फरक मूलभूत आहे आणि तो पडद्यावर दिसण्याच्या फार आधी, कराराच्या कागदावर ठरलेला असतो. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी 1938 मध्ये सुपरमॅनचे हक्क प्रकाशकाला 130 डॉलरला विकले. तेव्हापासून अमेरिकन सुपरहिरो हा बहुतांशी लेखकाचा नसून कंपनीचा असतो. लेखक, चित्रकार, दिग्दर्शक येतात आणि जातात. पात्र मात्र पुढच्या वर्षी, पुढच्या पिढीला विकता यावे म्हणून शाबूत ठेवावे लागते. अशा पात्राला सुरुवात असते, असंख्य मध्य असतात, पण शेवट परवडत नाही. सुपरमॅनला 1992 मध्ये कॉमिकमध्ये मारण्यात आले आणि 1993 मध्ये तो परतही आला. प्रेक्षकाला हा व्यवहार कोणी समजावून सांगावा लागत नाही. तो त्याच्या अंगवळणी पडलेला असतो, आणि म्हणून रडत असतानाही त्याच्या मनाचा एक कोपरा 'बघू या, केव्हा परत आणतात' असे म्हणत असतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण 'लोगन' (2017) चे आहे. तो चित्रपट म्हाताऱ्या, थकलेल्या, जखमा भरून न येणाऱ्या वुल्व्हरिनचा शेवट इतक्या निर्धाराने सांगतो की सुपरहिरोपटालाही खरा शेवट करता येतो, असे मला तेव्हा वाटले होते. सात वर्षांनी 'डेडपूल अँड वुल्व्हरिन' आला. त्याच्या सुरुवातीलाच डेडपूल तीच कबर उकरतो, आत सापडलेला सांगाडा बाहेर काढतो आणि त्याच्या हाडांची हत्यारे करून लढतो. चित्रपटगृहात हशा पिकला, पण मला तो प्रसंग सोसला नाही. टोनी स्टार्कचेही तसेच. जुलै 2024 मध्ये त्याच नटाला डॉक्टर डूम या खलनायकाच्या भूमिकेत आणत असल्याचे जाहीर झाले. पात्र निराळे आहे हे मान्य, पण ज्या चेहऱ्याला आपण निरोप दिला तोच चेहरा परत येणार म्हटल्यावर त्या निरोपाला ओहोटी लागणारच. तुम्हाला धार गेल्यासारखे वाटते, त्याचे कारण मला यात दिसते.

आता 'फुलमेटल अल्केमिस्ट' कडे पाहा. हिरोमु अराकावा या एका लेखिकेने हा मांगा (जपानी चित्रकथा) 2001 ते 2010 या काळात मासिकातून लिहिला, स्वतःच चितारला आणि संपवला. मांगाचा लेखनहक्क सामान्यतः लेखकाकडे राहतो, त्यामुळे तिच्या संमतीवाचून ह्यूजला जिवंत करण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. यातली एक गोष्ट तुमच्या गटाला विशेष उपयोगी पडेल. 2003 मध्ये या मांगावर पहिली मालिका निघाली तेव्हा मूळ कथा अपूर्णच होती, म्हणून मालिकेने स्वतःचा वेगळा शेवट रचला. तो अनेकांना आवडलाही. तरीसुद्धा मांगा पूर्णत्वाला येत असताना तीच कथा, लेखिकेच्या शेवटासह, पुन्हा पहिल्यापासून चित्रित केली गेली.

रेषा_आणि_चौकट

मी जे. जे. मध्ये उपयोजित कला शिकलो आणि सध्या अंधेरीत ॲनिमेशनचेच काम करतो, त्यामुळे मला या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक जवळची वाटते. हक्क कोणाकडे आहेत हे महत्त्वाचे आहेच. पण मृत्यू मनात उरण्यासाठी त्याच्या आधी आणि नंतर प्रेक्षकाला वेळ मिळावा लागतो, आणि हा वेळ जपानी ॲनिमेकडे कसा आला, याची हकीकत फार रंजक आहे.

ओसामु तेझुका यांनी 1963 मध्ये 'ॲस्ट्रो बॉय' ही दूरचित्रवाणी मालिका सुरू केली, तेव्हा हाताशी पैसा अतिशय थोडा होता आणि दर आठवड्याला नवा भाग देणे भाग होते. एका सेकंदात 24 चौकटी असतात. प्रत्येक चौकटीसाठी वेगळे चित्र काढणे त्यांना अशक्य होते. म्हणून एकच चित्र तीन-तीन चौकटींपर्यंत ठेवायचे, जुनी चित्रे पुन्हा वापरायची, पात्राचे फक्त ओठ हलवायचे, कधी स्थिर चित्रावरून कॅमेरा हळूच सरकवायचा, अशा युक्त्या त्यांनी रूढ केल्या. सुरुवात काटकसरीतून झाली. पण पुढच्या पिढ्यांनी त्या स्थिरतेतून भाषा घडवली. पात्र गप्प उभे आहे, वारा सुटला आहे, पंखा फिरतो आहे, आणि आपण त्याच्या मनात शिरत आहोत, अशा चौकटी ॲनिमेत जागोजागी आढळतात. 'स्पिरिटेड अवे' (2001) मधील आगगाडीचा प्रसंग तुमच्या बैठकीत अवश्य दाखवा. पाण्याने वेढलेल्या रुळांवरून गाडी चालली आहे, नायिका चिहिरो आणि एक मुखवट्याचा अबोल जीव शेजारी-शेजारी बसले आहेत, सावल्यांसारखे प्रवासी एकेका फलाटावर उतरून जात आहेत, एका स्थानकावर एका लहान मुलीची सावली उभी दिसते आणि मागे पडते. जो हिसाइशी यांचे संगीत सोडले तर कोणी जवळपास बोलत नाही आणि कथानक रतिभरही पुढे सरकत नाही. मात्र त्या प्रवासापूर्वीची चिहिरो आणि नंतरची चिहिरो यांत पडलेला फरक आपल्याला पटतो तो याच काही मिनिटांमुळे.

सुपरहिरोपटात अशी मिनिटे सहसा राहत नाहीत. मोठ्या लढाया संगणकावर फार आधी आखून ठेवलेल्या असतात, त्यांच्या प्रत्येक सेकंदावर प्रचंड खर्च होतो, आणि मग उरलेल्या प्रसंगांना लगबगीने आटोपते घ्यावे लागते. त्यात शोकाच्या प्रसंगातही कोणाला तरी विनोदी वाक्य दिले जाते. असे म्हणताना एक अपवाद मात्र नोंदवायलाच हवा. 'स्पायडरमॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स' (2018) मध्ये नवा स्पायडरमॅन माइल्स अजून शिकाऊ असताना त्याच्या हालचालीला सेकंदाला बाराच चित्रे दिली आहेत, तर त्याच चौकटीतून झोके घेणाऱ्या अनुभवी स्पायडरमॅनला, पीटर पार्करला, चोवीस. माइल्स बावरलेला आहे हे कोणी बोलून दाखवत नाही. तो अडखळताना दिसतो. हे तंत्र कथेत इतके विरघळलेले आहे की मी ते आमच्या नवशिक्या सहकाऱ्यांना आजही चौकट-चौकट थांबवून दाखवतो.

जाता जाता : युगो साको, कोइची सासाकी आणि मुंबईचे राम मोहन यांनी मिळून केलेले जपानी-भारतीय 'रामायण' जानेवारी 2025 मध्ये आपल्याकडे चित्रपटगृहांत पुन्हा लागले होते. आपल्या ओळखीच्या कथेत जपानी दिग्दर्शक कोठे थांबतो, हे त्यात नीट पाहता येते.

मनोहर_ठाणे

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, पण त्यांत उदाहरणे सोयीची निवडली आहेत असे मला प्रामाणिकपणे वाटते. 'ड्रॅगन बॉल' मध्ये सात गोळे जमवले की मेलेली माणसे उठून बसतात. खुद्द नायक गोकू मरून परत येतो. नोबिता कित्येक दशके त्याच शाळेत आहे, आणि 'डोरेमॉन' चे निर्माते फुजिको एफ. फुजिओ 1996 मध्ये निवर्तल्यानंतरही नवे भाग निघतच आहेत. मुंबईतील घराघरांत मुले जे जपानी ॲनिमेशन रोज पाहतात ते हे आहे. लेखकाच्या स्वातंत्र्याचेही फार कौतुक करू नये. 'शोनेन जंप' सारख्या साप्ताहिकात आठवड्याला सुमारे वीस पाने द्यावी लागतात, वाचकांच्या कौलात मागे पडलेली कथा गुंडाळावी लागते, आणि चाललेली कथा लांबवण्याचा मोह संपादकालाही असतो. दुसऱ्या बाजूला दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन यांची बॅटमॅन-त्रयी 2005 ते 2012 या काळात सुरू झाली आणि संपली. तिचा शेवट आजवर कोणी उकरलेला नाही.

शिवाय तीन तासांच्या चित्रपटाची तुलना 64 भागांच्या मालिकेशी करणे मुळातच अन्यायाचे आहे. ह्यूजच्या वाट्याला आलेला निवांतपणा टोनीच्या सहकाऱ्यांना कोठून मिळणार? सीमारेषा काढायचीच असेल तर ती अमेरिका आणि जपान यांच्यामध्ये न काढता, शेवट असलेल्या आणि शेवट नसलेल्या कथांमध्ये काढावी.

सुमेधा_पार्ले

मनोहरजी, सीमारेषेबद्दलचे आपले म्हणणे मला पूर्ण पटले आणि टिपणात मी तसा बदल करते आहे. एक उपप्रश्न विचारते. खलनायकाच्या बाबतीतही हेच लागू होते का? ॲनिमेत खलनायकाला अधिक सहानुभूती मिळते, असे आमच्या गटातील तरुण मंडळी ठामपणे सांगतात.

अनघा_वडाळा

'डीमन स्लेयर' या ॲनिमेच्या 'इन्फिनिटी कॅसल' या चित्रपटाचा पहिला भाग सप्टेंबर 2025 मध्ये येथे लागला, तेव्हा मी तो कॉलेजच्या मुलांनी भरलेल्या सकाळच्या खेळाला पाहिला. त्यात अकाझा या राक्षसाशी लढाई ऐन भरात आलेली असताना कथा थांबते आणि त्याचे माणूसपण उलगडत जाते. आजारी वडिलांच्या औषधासाठी चोऱ्या करणारा मुलगा, त्या चोऱ्यांच्या शिक्षेच्या खुणा हातांवर गोंदलेल्या. मुलाला आपला भार नको म्हणून जीव देणारे वडील. पुढे आधार देणारा गुरू आणि त्याची मुलगी, जिच्याशी लग्न ठरते. आणि मग त्या दोघांवर झालेला विषप्रयोग. हे सारे इतका वेळ चालते की नायक जवळजवळ विसरला जातो. शेवटी मुंडके उडाल्यावरही पुन्हा सावरू शकणारा अकाझा स्वतःच सावरणे नाकारतो. ज्या मुलांनी आरंभी आरोळ्या ठोकल्या होत्या ती तेव्हा अगदी गप्प झाली होती.

हे फक्त जपानीच करतात असे नाही. 'ब्लॅक पँथर' (2018) मधील किलमाँगर वडिलांच्या आत्म्याला भेटतो ते पूर्वजांच्या विस्तीर्ण माळरानावर नव्हे, तर ओकलंडमधील त्याच जुन्या, कोंदट घरात, जेथे त्याचे वडील मारले गेले होते. तो प्रसंग अकाझाच्या तोडीचा आहे. फरक असा की 'डीमन स्लेयर' मध्ये पराभूत राक्षसाची कहाणी ऐकून घेणे हा रिवाज आहे आणि नायक तांजिरोचा स्वभावच त्यावर उभा आहे. सुपरहिरोपटात तो एखाद्या दिग्दर्शकाच्या आग्रहाने कधीतरी साधतो.

गिरगावकर

मनोहरजींच्या आक्षेपामुळे मला माझे म्हणणे अधिक नेमके मांडावेसे वाटते. शेवट नसणे म्हणजे कमीपणा, असे मला म्हणायचे नाही. आमच्याकडे कीर्तनात आख्यान लागते तेव्हा अभिमन्यू चक्रव्यूहातून बाहेर येणार नाही, हे समोरच्या प्रत्येकाला ठाऊक असते. श्रोता येतो तो आजचे बुवा ते कसे सांगतात हे ऐकायला. पीटर पार्करचे काका मरणार, हे 1962 पासून सर्वांना माहीत आहे आणि तरीही प्रत्येक नव्या कथनाची वाट पाहिली जाते, ती याच ओढीने. माझी तक्रार एवढीच की सुपरहिरोपट आख्यानासारखा पुनःपुन्हा सांगितला जातो आणि जाहिरात मात्र कादंबरीसारखी, 'आता खरोखर शेवट' अशी करतो.

या दृष्टीने 'स्पायडरमॅन : ॲक्रॉस द स्पायडर-व्हर्स' (2023) मला फार मोलाचा वाटतो. तो आपल्याकडे इंग्रजी आणि मराठीसह दहा भाषांत प्रदर्शित झाला होता. त्यातील मुंबॅटन या, मुंबई आणि मॅनहॅटन एकमेकांत मिसळलेल्या शहरातला प्रसंग आठवा. तेथला स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर याच्या जगात इन्स्पेक्टर सिंग यांचा मृत्यू 'ठरलेला' आहे. माइल्स त्यांना वाचवतो आणि लगेच त्या शहराच्या पोटात एक काळे विवर उघडते. स्पायडरमॅनांच्या गटाचा प्रमुख मिगेल त्याला बजावतो की काही घटना प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात घडल्याच पाहिजेत, नाहीतर जग कोसळेल. आणि माइल्स, ज्याच्या वडिलांचा मृत्यूही याच यादीत आहे, ते मानायला नकार देतो. म्हणजे आख्यान बदलता येते का, हा आपण येथे घातलेला वाद त्या चित्रपटातील पात्रेच आपसांत घालत आहेत, आणि दोन्ही बाजूंना खरे दुःख आहे. चित्रपट वाद अर्ध्यावर ठेवून थांबतो. पुढचा भाग अजून यायचा आहे, आणि त्यात माइल्सच्या वडिलांचे काय होते यावर माझे तरी बरेच काही अवलंबून आहे.