पाचव्या महिन्याची सोनोग्राफी ‘निव्वळ धंदा’? काका, बोलायचंच आहे

लष्करची_सूनबाई: परवा इथे एका काकांनी ठोकून दिलं, “अ‍ॅनॉमली स्कॅन, म्हणजे बाळात व्यंग आहे का बघणारी सोनोग्राफी, निव्वळ धंदा. डोक्यात पाणी सांगून घाबरवतात, पोरं जन्मतात ठणठणीत.” मी रोज हेच स्कॅन करते, म्हणून राहवेना. व्हेंट्रिकल, म्हणजे मेंदूतली पाण्याची पोकळी, 10 मिमीच्या आत असलं की ठीक. 10 ते 12 आणि बाकी कुठेच काही नाही, तर बहुतेक बाळं चांगलीच निघतात. तुमची ठणठणीत पोरं ती हीच. 15 च्या वर गेलं की प्रकरण गंभीर. आणि कवटीच तयार झालेली नाही, हे तर तिसऱ्या महिन्याच्या स्कॅनलाच दिसू शकतं. तिथे कसला धंदा?

बाड्यावरचे_काका: मीच तो. सुनेच्या रिपोर्टात ‘कोरॉइड प्लेक्सस सिस्ट’ आली, म्हणे बाळाच्या मेंदूत पाण्याची छोटी गाठ. घरात कोणाला घास गोड लागेना. पुढच्या स्कॅनला सिस्ट गायब! पैसे मात्र दोन्ही वेळा घेतले.

लष्करची_सूनबाई: बाकी सगळं नॉर्मल असेल तर ती बहुधा 28 आठवड्यांपर्यंत विरतेच. लिहावी लागते. समजावून न सांगता कागद हातात कोंबला असेल, तर तुमचा राग रास्त आहे. तेवढाच.

थाटीपूरचा_बंड्या: माझ्या मावसबहिणीला ‘नॉर्मल’ म्हणून पाठवलं. बाळ पाठीवर उघडी जखम घेऊन आलं. अशा बाळाचं स्कॅनमध्ये कपाळाच्या दोन्ही बाजू दबून डोकं लिंबासारखं दिसतं, लहान मेंदू केळ्यासारखा वाकतो, हे नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. मग पहिल्याने काय बघितलं?

लष्करची_सूनबाई: चुकलंही असेल, बंड्या. पण बाळ पालथं असतं, प्रोबच्या, म्हणजे पोटावर फिरवतो त्या यंत्राच्या, बाजूचा अर्धा मेंदू कवटीमुळे धूसर येतो. आम्ही आईला खाली दोन फेऱ्या मारायला लावतो, बाळ वळावं म्हणून. त्यात मेंदूच्या वळ्या बऱ्याचशा नंतर पडतात, विसाव्या आठवड्यात तो गुळगुळीतच असतो.

मुरारची_आत्या: फोलिक अ‍ॅसिडचं कोणी बोलत नाही! मज्जानळी, जिच्यातून बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा घडतो, ती गर्भधारणेपासून 28 दिवसांत मिटते; नाही मिटली की बंड्याच्या बहिणीच्या बाळासारखं होतं. 28 दिवस म्हणजे बाईला कळायच्या आत. गोळी आधीपासून हवी. पण आपल्याकडे डोकं बघायचं कोणाला असतं? सगळ्यांची नजर खाली, मुलगा की मुलगी.

बाड्यावरचे_काका: हे शेजारच्या भिंड-मुरैन्याला जाऊन सांगा, मुली तिथे कमी.

मुरारची_आत्या: वा! 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली आपल्या ग्वाल्हेरातही 850 च्या खालीच होत्या. दारात रांगोळी आणि पोटात हे!

थाटीपूरचा_बंड्या: आत्या, विषय काय, चाललंय काय?

मुरारची_आत्या: विषय तोच. मशीन तेच आहे ना?

लष्करची_सूनबाई: आणि त्यापायी फॉर्म एफचा, म्हणजे लिंगनिदानबंदी कायद्याखाली दर गरोदर बाईच्या सोनोग्राफीला भरायच्या कागदाचा, एक रकाना रिकामा राहिला की आमचं मशीन सील. लिंग सांगणारे मोकळे, आम्ही कागद भरतोय.

मुरारची_आत्या: कागद भरायलाच हवा. रडू नका.

लष्करची_सूनबाई: भरते हो! रडत नाहीये, बोलतेय.

थाटीपूरचा_बंड्या: बहिणीला वेळेत कळलं असतं, तर तिने काय करायचं ते तिने ठरवलं असतं. 24 आठवड्यांनंतरही गंभीर दोष असेल तर गर्भपातासाठी मेडिकल बोर्डाकडे जाता येतं, 2021 पासून. तिला तो रस्ता कोणी दाखवलाच नाही.

बाड्यावरचे_काका: बरं बाईसाहेब, डोकं मोजणं हा धंदा नाही, मान्य. दर मात्र बाहेर लावा.

लष्करची_सूनबाई: लावलाय. ‘इथे लिंगनिदान होत नाही’ या पाटीशेजारीच. तुमची नजर आधी कुठे गेली असेल, देव जाणे.