तान्ह्या पोळ्याचा जुना नंदी: खरा जुना कसा ओळखायचा?

वर्धेकर_पुण्यात: आजोळी माळ्यावर लाकडी नंदी सापडला, तान्ह्या पोळ्याला (विदर्भातला पोरांचा पोळा) ओढतात तसला. वीतभर उंच, एकाच ठोकळ्यातला, शिंगं तेवढी वेगळी. मामाच्या लहानपणीचा, म्हणजे साठेक वर्षांचा. जोडीला दुसरा हवाय. एका दुकानात मिळतोय, दुकानदार म्हणतो 'शंभर वर्षांचा, भोसलेकालीन', मागतो ६ हजार. माझं बजेट २ हजार. त्याचे पाय वेगळे जोडलेत, चाकांना प्लसवाले स्क्रू. घ्यावा का?

महालकर: आमच्या घरी गुडघ्याएवढा सागवानी आहे. एक जण ३५ हजार देत होता, बाबांनी हाकलला. २ हजारांत आता पोरांचा बोजारा (नंदी घेऊन दारी आलेल्या पोरांना द्यायचे पैसे) पण होत नाही.

इतिहासवेडा: शंभर वर्षांचा आणि भोसलेकालीन? नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ लाच खालसा झालं. दुकानदाराला आधी गणित शिकवा.

महालकर: तान्हा पोळा रघुजीराजे दुसऱ्यांनी १८०६ साली सुरू केला, तेही लिहा की.

माई_सावंतवाडी: आमच्या चितारआळीत या. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, नवा कोरा बैल, रंग बघत राहाल.

वर्धेकर_पुण्यात: माई, जुना हवाय हो.

रंधा: सुताराच्या घरचा आहे, म्हणून सांगतो. स्क्रूवर जाऊ नका. प्लस खाच १९३० च्या दशकातली, पण पोरं नंदी ओढत नेतात, चाकं मोडतात, नवी बसतात. स्क्रू चाकाचं वय सांगतो, बैलाचं नाही. वेगळे पाय म्हणजे नवा, असंही नाही. सलग ठोकळ्यात लाकडाच्या रेषा पाठीच्या लांबीनं जातात, त्या पायात आडव्या येतात आणि पाय कटकन मोडतो. म्हणून जाणता सुतार पाय उभ्या रेषेचे वेगळे करून बसवतो. रंगाचा टवका उडालाय तिथं बघा. पोळ्याला घरोघरी नवा रंग चढतो, थर दिसायलाच हवेत. झीज वेसणीच्या भोकाला, वशिंडाला आणि शिंगांच्या टोकांना हवी. अंगभर सारखी असेल तर सँडपेपरची करामत.

शोकेसवाली: मी असाच 'जुना' घेतला. महिन्यात पोटाखाली पिठासारखा भुसा, मग शोकेसलाही कीड. मोडकंतोडकं तर घेऊच नका.

गणपुले: रंगाचे थर बघा.

रंधा: तेच लिहिलंय वर.

गणपुले: आणि नंदी महादेवापुढे बसलेला असतो. चाकावरचा तो बैल.

महालकर: आमच्याकडे नंदीच म्हणतात जी. काहून डोकं खाता?

वर्धेकर_पुण्यात: जाऊन आलो. ६ हजारवाल्याच्या टवक्यात पांढरा, खाली हिरवा, त्याखाली गुलाबी, सगळ्यात खाली पुन्हा पांढरा. वेसणीचं भोक दोरीनं एका बाजूला लांबट झालेलं. एकच पाय नवा. माल खरा वाटला, पण साडेचारच्या खाली येईना. त्याच्याच मागे धूळ खात पडलेला एक तीन पायांचा घेतला, १२०० ला. पोट ठोकून पाहिलं, भुसा नाही. उंचीला आमच्यापेक्षा बोटभर कमी. भाचीनं दोघांना एकच कासरा बांधलाय.

शोकेसवाली: तीन पायांचा? पैसे पाण्यात.

रंधा: चौथा बसवताना उभ्या रेषेचं लाकूड घ्या. रंग मात्र खरवडू नका.

महालकर: त्या दुकानाचा पत्ता खाजगी निरोपात कळवा ना. साडेचारला परवडतो.