जीएनयू रेडिओ : माझ्या पायथन ब्लॉकमुळे आवाजात टकटक, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ठाण्यात वर्तकनगरला राहतो. आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि जीएनयू रेडिओ (ब्लॉक एकमेकांना जोडून सिग्नलवर काम करायचं सॉफ्टवेअर) वापरून आकाशवाणीचं १०७.१ मेगाहर्ट्झ ऐकतोय. डोंगलकडून सेकंदाला २४ लाख सॅम्पल (सिग्नलची मोजमापं), १० ने घटवून २ लाख ४० हजार, एफएम डिमॉडनंतर (सिग्नलमधून आवाज वेगळा काढल्यावर) ५ ने घटवून ४८ हजार, मग स्पीकर. इथपर्यंत झकास.

खरखर कमी व्हावी म्हणून स्पीकरच्या आधी स्वतःचा ब्लॉक घातला. ८ सॅम्पलची धावती सरासरी, पायथनच्या नमपाय लायब्ररीचं कन्व्हॉल्व्ह फंक्शन, मोड 'सेम' (जेवढं इनपुट तेवढंच आउटपुट). तेव्हापासून आवाजात टकटक येते. ब्लॉक बायपास केला की थांबते. टर्मिनलवर 'एयू' (स्पीकरला सॅम्पल कमी पडल्याची खूण) उमटत नाही, म्हणजे स्पीकर उपाशी नाही. ब्लॉकचं काम करणाऱ्या वर्क फंक्शनमध्ये इनपुटची लांबी छापली तर दर वेळी वेगळीच. ही लांबी ठरवतं कोण? मला ती कायम ठेवता येईल का?

प्रतिसाद १

लांबी शेड्यूलर, म्हणजे कुठला ब्लॉक कधी चालवायचा ते बघणारा जीएनयू रेडिओचा भाग, ठरवतो. दोन ब्लॉकच्या मध्ये बफर (सॅम्पल तात्पुरती साठवायची जागा) असतो. मागच्या बफरात माल आणि पुढच्यात जागा, दोन्ही असलं की तुमचं वर्क बोलावलं जातं, आणि त्या क्षणी जमेल तेवढाच तुकडा हाती येतो. तुकड्याची कड म्हणजे सिग्नलची कड नव्हे. 'सेम' मोड मात्र कडेपलीकडे शून्य धरतो, त्यामुळे प्रत्येक जोडावर आवाज क्षणभर खाली बसतो.

लांबी कायम करायच्या मागे लागू नका, जोड तरीही राहतीलच. ब्लॉकच्या इनिटमध्ये (सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या फंक्शनमध्ये) सेट-हिस्टरी ८ द्या. मग प्रत्येक तुकड्यासोबत आधीची ७ सॅम्पल येतात. मोड 'व्हॅलिड' (शून्य न धरता पूर्ण ८ सॅम्पल मिळतील तिथलीच सरासरी) करा, आउटपुट बरोबर हवं तेवढंच निघेल.

पडताळायला डोंगलऐवजी १ चा कॉन्स्टंट सोर्स (सतत १ हाच आकडा देणारा ब्लॉक) लावा. सुरुवातीचा चढ सोडला तर सरळ रेघ दिसायला हवी. आत्ताच्या कोडमध्ये जोडांवर ती अर्ध्यापर्यंत घसरलेली दिसेल.

मूळ लेखक

खूप आभार! रेघ सरळ झाली, टकटक गेली. चाचणीसाठी थ्रॉटल ब्लॉक (सॅम्पलचा वेग आवरून धरणारा) लावला होता. डोंगल जोडल्यावर तो ठेवायचा का?

प्रतिसाद १

नक्की काढा. हार्डवेअर नसेल तेव्हाच तो लागतो, नाहीतर प्रोसेसर पूर्ण वेगाने धावत सुटतो. डोंगल असला की वेग त्याचं घड्याळ ठरवतं. पुढचा बफर भरला तर सॉफ्टवेअरमधला मागचा ब्लॉक थांबून राहतो, पण अँटेनाकडून येणारा प्रवाह थांबवता येत नाही. तिथे सॅम्पल गळतात आणि ती परत मिळत नाहीत.