म्युऑनला सरळ पळवायचं की फेऱ्या मारायला लावायच्या?

वसमतकर सर

मागच्या आठवड्यात बीएस्सीच्या एका मुलीनं विचारलं, "सर, म्युऑन २.२ मायक्रोसेकंदांत मरतो. मग त्याच्यासाठी त्वरक (कणांना वेग देणारं यंत्र) बांधणार कसा?" औंढा नागनाथजवळ लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा येणार हे पक्कं झाल्यापासून आमच्याकडची पोरं असे प्रश्न विचारायलीत, याचा मला फार आनंद आहे. वर्गात तिला दिलेलं उत्तर अपुरं पडलं. ते इथं पूर्ण करतो आणि माझं मतही मांडतो. खोडून काढणारे हवेतच.

म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा २०७ पट जड भाऊ. १९३६ साली अँडरसन आणि नेडरमायर यांना तो वैश्विक किरणांत सापडला. तळहात आडवा धरला तर मिनिटाला शंभरेक म्युऑन त्यातून पार होतात. जडपणाचा फायदा मोठा आहे. वळणावर प्रारणात जाणारी ऊर्जा वस्तुमानाच्या चौथ्या घातानं घटते, म्हणून तेवढ्याच ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनपेक्षा म्युऑनचा हा तोटा १८० कोटींहून जास्त पटीनं कमी. त्याला वळवणं परवडतं. अडचण एकच, आयुष्याची.

पण ते आयुष्य ठरीव नाही. ऊर्जा वाढेल तसं आपल्या घड्याळात ते लांबतं. ५ जीईव्हीला (जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणांच्या ऊर्जेचं माप) पोचलेला म्युऑन सरासरी १०४ मायक्रोसेकंद जगतो, तेवढ्यात ३१ किलोमीटर जातो. म्हणजे सगळा धोका सुरुवातीला आहे. किती वाचतील हे दोनच गोष्टींवर ठरतं: ऊर्जा किती पट करायची आणि दर मीटरला सरासरी किती देता. सरासरी ०.१६ मेगाव्होल्ट दर मीटर असेल तर ऊर्जा जितक्या पटीनं वाढते तितक्याच पटीनं म्युऑन घटतात, दुप्पट ऊर्जा झाली की निम्मे म्युऑन गेले. त्याच्या वर जेवढं जाल तेवढं नुकसान झपाट्यानं उतरतं.

आता माझा हिशेब. सुरुवात ०.२५ जीईव्ही, शेवट ५ जीईव्ही, लिनॅकमध्ये, म्हणजे सरळ रेषेतल्या त्वरकात, सरासरी ५ मेगाव्होल्ट दर मीटर. एकच सरळ लिनॅक बांधला तर लांबी ९५० मीटर, वाचले ९१ टक्के. दुसरा मार्ग असा: सव्वा जीईव्हीपर्यंत सरळ, २०० मीटरचा लिनॅक. पुढे १६७ मीटरचा दुसरा लिनॅक आणि झोत वळवून आणून त्यातूनच साडेचार फेऱ्या. फेऱ्यांच्या भागात वळणांवर ऊर्जा मिळत नाही, म्हणून तिथली सरासरी मी मुद्दाम पडती, २ मेगाव्होल्ट दर मीटर धरली. तरी वाचतात ८५ टक्के. शंभरात सहा म्युऑन जास्त गेले आणि अतिवाहक कॅव्हिटीची (लिनॅकमधल्या, विद्युत लहरीनं म्युऑनला ढकलणाऱ्या धातूच्या पोकळ्यांची) लांबी ९५० वरून ३६७ मीटरवर आली.

माझं मत ठाम आहे: म्युऑनचं यंत्र सुरुवातीला सरळ आणि पुढे फेऱ्यांचंच असावं. "आयुष्य कमी म्हणून सगळं सरळच करा" हे ऐकायला पटतं, हिशेबात टिकत नाही.

टेलवाला मानवत

सर, मी शेतकरी, पोरगा बारावी सायन्सला आहे म्हणून वाचतो. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. आम्ही टेलला, आवर्तन सुटलं तरी आमच्यापर्यंत पाणी येईस्तोवर निम्मं मुरलेलं असतंय. तुमचं वाचून असं वाटलं की म्युऑनचं उलटं आहे, गळती सगळी हेडला. मग अस्तरीकरण बी हेडलाच पक्कं करायचं आणि पुढं साध्या चारीनं न्यायचं, असंच ना?

वसमतकर सर

अगदी असंच, भाऊ. महागडं अस्तर हेडला, पुढं चारी. पुढच्या वेळी वर्गात मी हेच सांगणार, तुमचं नाव घेऊन.

गोदाकाठ नांदेड

सर, तुमचा आदर ठेवून विरोध करते. अतिवाहक कॅव्हिटीच्या कामात आठ वर्षं काढलीत, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्या हिशेबात म्युऑन फक्त क्षयानं मरतो. खऱ्या यंत्रात तो भिंतीला धडकूनही मरतो. म्युऑन पायॉनच्या (प्रोटॉनचा झोत लक्ष्यावर आदळला की निघणाऱ्या अल्पायुषी कणांच्या) क्षयातून जन्मतात, चहूकडे फेकलेले, वेगवेगळ्या ऊर्जेचे. आयनीकरणानं थंड केल्यावरही, म्हणजे पदार्थातून नेऊन पसारा कमी केल्यावरही, झोत जाडजूडच राहतो. म्हणून तर सुरुवातीच्या लिनॅकसाठी २०१ मेगाहर्ट्झची कॅव्हिटी घेतात, दीड मीटर तरंगलांबीची, भोक मोठं मिळावं म्हणून. आता हा जाड झोत लिनॅकच्या टोकाला फाट्यावर न्या. तिथं एकाच भोकातून वेगवेगळ्या फेऱ्यांचे झोत बाहेर पडतात आणि प्रत्येकाला आपापल्या वळणात वळवायचं असतं. साडेचार फेऱ्यांना चार वळणं, प्रत्येक वळणाला जाताना एक फाटा, येताना एक. आठ वेळा. दर वेळी फक्त १ टक्का घासला गेला तर तुमचे ८५ चे ७८ होतात. सरळ यंत्राच्या ९१ समोर ७८ ठेवा आणि मग सांगा.

दुसरं, लिनॅकमधली चुंबकं एकदाच ठरवता येतात. पहिल्या फेरीच्या १.२५ जीईव्हीला जी घट्ट धरतात, तीच शेवटच्या फेरीला ५ जीईव्हीच्या झोताला सैल पडतात. सरळ यंत्रात प्रत्येक चुंबकाला एकच ऊर्जा बघायची असते, हवं तसं बसवा.

तिसरं, कॅव्हिटीतली साठवलेली ऊर्जा. सगळ्या फेऱ्या काही मायक्रोसेकंदांत उरकतात. तेवढ्या वेळात आरएफचा, म्हणजे रेडिओ-वारंवारतेच्या विजेचा, पुरवठा कॅव्हिटी पुन्हा भरू शकत नाही. पहिली फेरी जे उपसते ते पुढच्या फेरीला कमी मिळतं. मोठ्या झोताला हे जाणवतं.

बीएस्सी हिंगोली

तो प्रश्न मीच विचारला होता. आता दुसरा विचारायलेय: फेऱ्या इतक्या स्वस्त पडतात तर सुरुवातीपासूनच फेऱ्या का नाहीत?

गोदाकाठ नांदेड

बाळा, वेगामुळे. ०.२५ जीईव्हीचा म्युऑन प्रकाशाच्या जवळजवळ ९१ टक्के वेगानं जातो. सरांच्या १६७ मीटरच्या लिनॅकमध्ये तो प्रकाशापेक्षा ५८ नॅनोसेकंद मागं राहील, आणि २०१ मेगाहर्ट्झच्या लहरीचा एक हेलकावा ५ नॅनोसेकंदांचा. पहिल्या फेरीला कॅव्हिटीची वेळ जुळवली की दुसऱ्या फेरीला ती चुकते, ढकलायच्या ऐवजी ओढेल. सव्वा जीईव्हीला हेच मागं राहणं २ नॅनोसेकंदांवर येतं. तेही थोडं नाही, म्हणून झोत लिनॅकच्या एका टोकातून न घालता मधोमध घालतात. पहिली अर्धी फेरी तिथूनच येते.

एवढं सरांचं बरोबर आहे, सुरुवात सरळच हवी. माझं म्हणणं, सरळ ती पुढंही राहू द्या.

वसमतकर सर

ताई, फाट्यांचा मुद्दा खरा आहे, मी तो सोडला होता. पण त्यावर उत्तर आहे आणि ते यंत्राच्या आकारातच आहे.

फेऱ्यांचं यंत्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धावपट्टी येते: दोन समांतर लिनॅक, दोन टोकांना अर्धवर्तुळं. अमेरिकेतल्या जेफरसन लॅबचा सीबॅफ असाच, इलेक्ट्रॉनला १२ जीईव्हीपर्यंत नेणारा. म्युऑनसाठी सुचवलेला आकार वेगळा. एकच लिनॅक, दोन्ही टोकांना थेंबाच्या आकाराचं वळण, झोत जातो आणि त्याच लिनॅकमधून उलटा परत येतो. कुत्र्याला चघळायला देतात त्या हाडासारखं दिसतं, म्हणून नावही तेच पडलं. यात एका टोकाला झोत एक फेरी सोडून येतो, त्यामुळे फाट्यावर शेजारच्या दोन झोतांच्या ऊर्जेत धावपट्टीच्या दुप्पट फरक असतो. आपल्या उदाहरणात एका टोकाला १.६७, ३.३३ आणि ५, दुसऱ्याला २.५ आणि ४.१७ जीईव्ही. एवढा फरक असला की जाड झोतही सुटे करता येतात. शिवाय धन आणि ऋण म्युऑन दोन्ही एकाच यंत्रात चालतात: लिनॅकमध्ये एका दिशेनं, थेंबात एकमेकांच्या उलट.

गोदाकाठ नांदेड

थेंबाची किंमतही सांगा ना, सर. अर्धवर्तुळात झोत १८० अंश वळतो. थेंबात आधी ६० अंश बाहेर, मग ३०० अंश आत, पुन्हा ६० बाहेर. एकूण ४२०. एका टेस्ला क्षेत्रात ४.१७ जीईव्हीच्या वळणाची त्रिज्या जवळजवळ १४ मीटर, म्हणजे नुसती वाकवणारी चुंबकंच शंभर मीटर. त्यात झोत आवळणारी चुंबकं मिळवली की दुप्पट-तिप्पट. चार थेंब मिळून तुमच्या सगळ्या लिनॅकपेक्षा लांब होतात. कॅव्हिटी वाचवली, बोगदा वाढवला.

वसमतकर सर

मान्य, आणि तीच लांबी धरून मी २ मेगाव्होल्टची सरासरी घेतली होती. पण बोगद्याचा मीटर आणि अतिवाहक कॅव्हिटीचा मीटर एका भावाचे नाहीत. कॅव्हिटीला शुद्ध नायोबियम, द्रव हीलियम, आरएफचे स्रोत. थेंबातलं एक टेस्लाचं चुंबक लोखंड-तांब्याचं असतं.

परळी वीजकेंद्र

दोघांचं वाचून एक विचारावंसं वाटलं. सिंक्रोट्रॉन का नाही? एकच कडं, ऊर्जा वाढेल तसं चुंबक वाढवत न्यायचं.

गोदाकाठ नांदेड

दादा, चुंबक तेवढ्या वेगानं वाढत नाही. आपल्याकडे वेळ आहे मायक्रोसेकंदांचा. टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हजार जीईव्हीच्या) म्युऑन कोलायडरसाठी, म्हणजे म्युऑन एकमेकांवर आदळवायच्या यंत्रासाठी, झटपट बदलणाऱ्या सिंक्रोट्रॉनचा विचार होतोय, कारण तिथं म्युऑनचं आयुष्य मिलिसेकंदांत गेलेलं असतं. ५ जीईव्हीला ते जमत नाही. चुंबक स्थिर ठेवून सगळ्या ऊर्जा एकाच नळीत सामावायचाही मार्ग आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या सीबीटा यंत्रात कायमच्या चुंबकांच्या एकाच वळणातून ४२ पासून १५० एमईव्हीपर्यंतच्या (एमईव्ही म्हणजे जीईव्हीचा हजारावा भाग) चार ऊर्जा फिरवून दाखवल्या. पण तो इलेक्ट्रॉनचा बारीक झोत. आपला जाड.

टेलवाला मानवत

एक मनातलं विचारतो, राग मानू नका. आमच्या भागात प्यायच्या पाण्याची मारामार. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. अशा ठिकाणी बसून म्युऑनच्या यंत्राचा एवढा खल कामून करावा?

गोदाकाठ नांदेड

काका, राग कसला. माझ्या आजोळी मी स्वतः टँकरच्या रांगेत उभी राहिलेय. पण इंदूरचं राजा रामण्णा केंद्र आणि मुंबईचं भाभा केंद्र अमेरिकेतल्या फर्मीलॅबच्या पिप-टू या ८०० एमईव्हीच्या प्रोटॉन लिनॅकसाठी कॅव्हिटी आणि आरएफ यंत्रणा देतायत. त्या कामात मुलं लागतात. ती मुलं मानवतची का नसावीत? तुमच्या पोराला हा हिशेब बारावीच्या गणितावर करता येतो, फक्त लॉगॅरिथम लागतो. सर त्याला शिकवतील.

वसमतकर सर

नक्की. रविवारी वसमतला पाठवा.

ताई, तुमच्या मुद्द्याकडे परत येतो. न्यूट्रिनो फॅक्टरीच्या, म्हणजे म्युऑनच्या क्षयातून न्यूट्रिनो कणांचे झोत बनवणाऱ्या यंत्राच्या, आंतरराष्ट्रीय आराखड्याचं उदाहरण बघा. आधी ०.९ जीईव्हीपर्यंत सरळ लिनॅक, मग हाडाच्या आकाराची दोन यंत्रं, ३.६ आणि १२.६ जीईव्हीपर्यंत, आणि शेवटी २५ जीईव्हीसाठी स्थिर चुंबकांचं कडं. २०१२ साली थीटा-एक-तीन हा न्यूट्रिनोचा मिश्रणकोन मोठा निघाला, तेव्हा १० जीईव्ही पुरेत असं ठरलं. शेवटचं कडं गळलं. लिनॅक आणि फेऱ्या दोन्ही राहिले. एवढ्या लोकांनी किंमत लावून बघितली आणि सरळ यंत्र पुढं ताणलं नाही.

गोदाकाठ नांदेड

पण ते यंत्र कुणी बांधलेलं नाही, सर. जपानच्या जे-पार्कमध्ये २०२४ साली थंड केलेले धन म्युऑन आरएफनं त्वरित केले, तेही १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत. म्हणजे प्रकाशाच्या ४ टक्के वेग. थंड म्युऑन आरएफनं पळवण्यात २०२४ ला आपण एवढ्यावर होतो. आणि तेही सरळ रेषेतच.

काल रात्री तुमचा हिशेब पुन्हा मांडून बघितला. दर फाट्याला अर्धा टक्का घासला तर तुमचे ८५ चे ८२ होतात. तेवढ्याला मी फेऱ्यांना हो म्हणेन, कारण ५८० मीटर कॅव्हिटी वाचतेय आणि हरवलेले नऊ म्युऑन प्रोटॉन झोताची ताकद वाढवून भरून काढता येतात. १ टक्का असेल तर नाही म्हणेन. अर्धा की एक, हे जाड झोतावर प्रत्यक्ष मोजल्याशिवाय तुम्हीही सांगू शकत नाही आणि मीही.

वसमतकर सर

१ टक्क्यालाही माझं हो आहे. ७८ म्युऑन आणि ३६७ मीटर मला ९१ म्युऑन आणि ९५० मीटरपेक्षा बरे वाटतात. बाकी तुमचं मान्य. फाट्याचा हिशेब मी रविवारी पोरांकडून दोन्ही आकड्यांवर करून घेतो, उत्तरं इथंच टाकीन.